दरवर्षी फ्लूची लस घेतल्याने आईची प्रतिकारशक्ती आळशी होईल का?

प्रश्न : आईबाबा सांगलीला राहतात. आई ७४ वर्षांची, मधुमेह आहे, गोळ्यांवर साखर बऱ्यापैकी आटोक्यात असते. बाबा ७९ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आणि दोनेक वर्षांपासून विस्मरण फार वाढलंय. त्यांचं सगळं आईच करते, रात्रीही दोन-तीनदा उठते. वरच्या मजल्यावर भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन शाळकरी मुलं असतात. मी पुण्यात. दिवाळीत घरी गेले की मी दोघांना फ्लूची लस द्यायचे, सलग तीन वर्षं दिली. पण मागच्या श्रावणात आईला फ्लू झालाच. आठ दिवस ताप, खोकला तर महिनाभर. "काय उपयोग झाला त्या सुईचा?" म्हणून गेल्या दिवाळीत तिने लस घेतली नाही, बाबांनाही घेऊ दिली नाही. त्यातच आमराईत फिरायला येणाऱ्या एका काकांनी तिला सांगितलं, की दरवर्षी लस टोचली की शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती आळशी होते आणि म्हातारपणी तर लस लागूच पडत नाही. मला काही उत्तर देता आलं नाही. यंदा लस द्यावी का? की प्रतिकारशक्ती वाढवायला दुसरं काही सुरू करावं?

उत्तर : ताई, आधी सरळ सांगते. दोघांनाही लस द्या, आणि दिवाळीची वाट न पाहता मृग लागायच्या आत द्या. आईंचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. डॉक्टर म्हणतात म्हणून घे, एवढ्यावर त्यांची समजूत पटणार नाही आणि पटूही नये.

काकांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हातारपणी लस कमी लागू पडते, हे बरंचसं खरं आहे. लशीने प्रतिकारशक्ती आळशी होते, हे खरं नाही.

वय वाढतं तसं आत काय बदलतं ते पाहा. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी तिथे तयार होतात. ही ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी भरत जाते. त्यामुळे सत्तरीत नव्या टी पेशींचा, म्हणजे ज्यांची अजून कुठल्याच जंतूशी गाठ पडलेली नाही अशा पेशींचा, साठा फार थोडा उरतो. अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, बनवणाऱ्या बी पेशीही बदललेल्या विषाणूला नेमकी जुळणारी अँटिबॉडी घडवण्यात मागे पडतात. शिवाय या वयात अंगात एक मंद दाह कायम चालू असतो, मधुमेहात तो जास्तच. म्हणून तिशीतल्या तुम्हाला आणि तुमच्या आईंना एकाच दिवशी एकच लस दिली, तरी आईंच्या रक्तात अँटिबॉडी कमी वाढतात, वाढायला जास्त दिवस घेतात आणि लवकर उतरतात.

पण कमी लागू पडणं म्हणजे लागू न पडणं नव्हे. नेदरलँड्समध्ये साठीच्या पुढच्या १,८३८ लोकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कोणताही निकष न लावता निम्म्यांना खरी लस दिली, निम्म्यांना नुसतं पाणी. लस घेतलेल्यांमध्ये फ्लू जवळपास निम्म्यावर आला. अशा चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला. त्यात ज्येष्ठांपैकी लस न घेतलेल्या शंभरात सहा जणांना एका हंगामात फ्लू झाला, लस घेतलेल्या शंभरात दोन ते तीन जणांना. लशीमुळे म्हाताऱ्या माणसांचे निम्मे मृत्यू टळतात, असंही एकेकाळी सांगितलं जायचं. ते आकडे फुगलेले होते, कारण जी माणसं मुळात हिंडती-फिरती असतात तीच लस घ्यायला जास्त येतात. तेव्हा आईंना सांगताना लस म्हणजे कवचकुंडलं, असं सांगू नका. धोका साधारण निम्म्याने कमी होतो, असं सांगा. ते खरं आहे आणि या वयात तेवढंही फार मोलाचं आहे.

आता मागच्या श्रावणाबद्दल. तुम्ही लिहिलंय की लस दिवाळीत दिली होती. दिवाळी ते श्रावण म्हणजे नऊ-दहा महिने झाले. अमेरिकेत चार हंगामांची आकडेवारी तपासली तेव्हा लशीचं संरक्षण दर महिन्याला सहा-सात टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त उतरत गेल्याचं दिसलं. तिथे फ्लू हिवाळ्यात येतो, म्हणून लस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देतात आणि ती त्यांना पुरते. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर असतो, आणि बहुतेक वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये एक लहान लाट येते. तुमच्या दिवाळीच्या लशीने ही लहान लाट सांभाळली असेल, पण मोठी लाट आली तेव्हा आईंच्या अंगात तिचा जोर फारसा उरला नव्हता. शिवाय घशाचा स्वॅब तपासला होता का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही. पावसाळ्यात तसाच ताप आणि तसाच खोकला आणणारे इतर विषाणूही फिरत असतात आणि फ्लूची लस त्यांच्यावर चालत नाही.

म्हणजे आईंच्या "काय उपयोग झाला" याचं उत्तर असं, की सुई बरोबर होती, महिना चुकला होता. यात तुमचा दोष मानू नका. नोकरीसाठी बाहेर असलेली मुलं सुट्टीत घरी गेली की सगळी कामं उरकतात. यंदा फक्त ही एक फेरी मेमध्ये करा. अँटिबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, वयस्कर माणसांना थोडे अधिक. वळवाचे पाऊस सुरू झाले की आपण कौलं आणि छत्र्या बघायला लागतो, त्याच सुमारास लसही व्हायला हवी.

काकांचा दुसरा मुद्दा, म्हणजे आळशी होण्याचा. तुम्ही सांगलीच्या, म्हणून तालमीचंच उदाहरण देते. रोज तालमीत जाणाऱ्या पैलवानाचं अंग आळशी होत नाही, तिथे तो डाव शिकतो. लशीत विषाणू मेलेला असतो, किंबहुना त्याचे तुकडेच असतात. ते पाहून लढायचं, अँटिबॉडी बनवायची आणि ओळख लक्षात ठेवायची, हे सगळं आईंचं स्वतःचंच शरीर करतं. बाहेरून आयती शक्ती कोणी भरत नाही, मग आळशी व्हायला वाव कुठे? आणि हे तुकडे फुप्फुसात वाढत नाहीत, त्यामुळे लशीने फ्लू होऊही शकत नाही. वयस्कर लोकांना आलटून पालटून लस आणि पाणी टोचून अमेरिकेत एक चाचणी झाली होती, १९९० मध्ये तिचे निष्कर्ष आले. फरक दिसला तो दंड दुखण्यापुरता. कसकस, थकवा, डोकेदुखी दोन्ही वेळा सारखीच होती.

काकांच्या म्हणण्यामागे एक खरी शंका मात्र दडलेली आहे, तीही सांगते. सलग लस घेत राहिलं तर एखाद्या वर्षी नव्या लशीला शरीर थोडं कमी प्रतिसाद देतं, असं आढळलंय. १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेतल्या मुलांमध्ये हे पहिल्यांदा लक्षात आलं आणि तेव्हापासून त्यावर वाद चालू आहे. कारण असं असावं, की आधीच्या लशीमुळे तयार असलेल्या अँटिबॉडी नव्या लशीतला माल पटकन गिळून टाकतात आणि नव्याने शिकायला कमी उरतं. यंदाचा विषाणू गेल्या वर्षीसारखाच असेल तर यात नुकसान काही नाही, बदललेला असेल तर थोडं होतं. पण वयस्कर माणसांचं काय होतं? स्पेनमधल्या २० रुग्णालयांतल्या ६५ च्या पुढच्या रुग्णांचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला. आधीच्या वर्षांत आणि त्याही वर्षी लस घेतलेल्यांमध्ये आयसीयूत नेणारा फ्लू सुमारे ७४ टक्क्यांनी आणि फ्लूने मृत्यू ७० टक्क्यांनी कमी आढळला. फक्त त्याच वर्षी लस घेतलेल्यांना गंभीर आजारापासून तेवढं संरक्षण मिळाल्याचं दिसलं नाही. आईंच्या तीन लशी त्यामुळे वाया गेल्या असं मी मानत नाही. म्हाताऱ्या शरीरात नवं शिकण्याची ताकद कमी असते, तिथे जुनी उजळणी जास्त उपयोगी पडते.

बाबांच्या बाबतीत तर मी अजिबात मागेपुढे पाहणार नाही. फ्लू म्हणजे नाक, घसा, छाती एवढंच आपल्या डोक्यात असतं. कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतात प्रयोगशाळेत फ्लू निश्चित झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तपासणीनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट निघालं. फ्लूचा दाह रक्तवाहिन्यांतल्या जुन्या साचलेल्या थरांना धक्का देतो, रक्त गोठायला लावतो, आणि तापात हृदयाला जास्त धावावं लागतं. उलट बाजूनेही पुरावा आहे. हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना ७२ तासांच्या आत फ्लूची लस देऊन एक चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०२१ चे आहेत. वर्षभरात लस न मिळालेल्यांपैकी ४.९ टक्के दगावले, लस मिळालेल्यांपैकी २.९ टक्के. बाबांचा अटॅक जुना आहे, म्हणून हा आकडा जसाच्या तसा त्यांना लावू नये, पण दिशा स्पष्ट आहे. बाबांना लस द्यायची ती सर्दी टाळायला नव्हे. दुसरा झटका टाळायला द्यायची, आणि अंथरुणाला खिळून उरलीसुरली चाल-बोल जाऊ नये म्हणून द्यायची. विस्मरणाचा रुग्ण आठ दिवस रुग्णालयात राहिला की बरेचदा आधीइतका सावरून घरी येत नाही.

लस कोणती, हे दुकानात विचारलं की गोंधळ उडतो. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, जागतिक आरोग्य संघटना लशीतले विषाणू ठरवते. मेमध्ये घेताना दक्षिण गोलार्धाची त्या वर्षीची लस घ्या. खोकं हातात घेऊन 'सदर्न हेमिस्फिअर', वर्ष आणि मुदत वाचा, आणि ते फ्रीजमधूनच काढलेलं असावं. तीन विषाणूंची असो की चारांची, दोन्ही चालतील, कारण चौथा विषाणू, बी यामागाटा, मार्च २०२० नंतर जगात खात्रीने कुठे सापडलेलाच नाही. नेहमीच्या लशीत प्रत्येक विषाणूमागे १५ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं. परदेशात ज्येष्ठांसाठी ६० मायक्रोग्रॅमची हाय डोस लस आहे, तुमचे कोणी नातेवाईक अमेरिकेत असतील तर ते तिच्याबद्दल सांगतील. सुमारे ३२,००० ज्येष्ठांच्या चाचणीत तिने नेहमीच्या लशीपेक्षा २४ टक्के जास्त फ्लू टाळला. मात्र डेन्मार्कमधल्या तीन लाखांहून जास्त ज्येष्ठांच्या अलीकडच्या चाचणीत फ्लू-न्यूमोनियाने दाखल होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच आलं. डॉक्टरांकडे ती असेल तर घ्या, नसेल तर तिच्यासाठी थांबू नका. नाकात फवारायची जिवंत विषाणूंची लस या वयात द्यायची नाही, ती नाकारा.

बाबा रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेत असतील. त्या बंद करायच्या नाहीत, फक्त सुई काढल्यावर कापसाने दोन मिनिटं न चोळता दाबून धरायचं. ताप असेल तर उतरू द्या, मग टोचा. आधीच्या लशीनंतर जोराची अ‍ॅलर्जी आली असेल किंवा हातापायांतली ताकद जाण्याचा गियाँ-बारे हा आजार कधी झाला असेल, तर ते आधी सांगा. न्यूमोकॉकल, म्हणजे न्यूमोनियाची लस दोघांनी घेतलेली नसेल तर त्याच भेटीत दुसऱ्या दंडात घेता येते. आणि शक्य झालं तर सकाळी जा. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये ६५ च्या पुढच्या २७६ जणांना काहींना सकाळी नऊ ते अकरात, काहींना दुपारी तीन ते पाचमध्ये लस दिली होती. सकाळच्यांमध्ये तीनपैकी दोन विषाणूंविरुद्धच्या अँटिबॉडी जास्त वाढल्या. अभ्यास लहान आहे, पण सकाळी जायला पैसे पडत नाहीत.

आता वरच्या मजल्याकडे वळू. आईबाबांच्या शरीरात लस निम्मंच काम करणार असेल, तर उरलेलं काम घरातल्यांनी करायचं. घरात फ्लू बहुतेक वेळा शाळेतून येतो. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली जात होती, पुढे दहाएक वर्षं ती सक्तीचीही होती, १९८७ मध्ये सक्ती सैल झाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रमच थांबला. मुलांचं लसीकरण चालू होतं तेव्हा म्हाताऱ्या माणसांचे हिवाळ्यातले जादा मृत्यू घटले होते, ते थांबल्यावर पुन्हा वाढले. कॅनडातल्या हटराइट नावाच्या शेतकरी वसाहतींमध्ये फक्त मुलांना लस दिली, तर लस न घेतलेल्या इतरांमधला फ्लूही सुमारे ६१ टक्क्यांनी कमी झाला. तेव्हा दोन्ही नातवंडं, भाऊ, वहिनी आणि बाबांजवळ रोज येणारं कोणी असेल, मग त्या स्वयंपाकाच्या मावशी का असेनात, सगळ्यांना लस द्या. मावशींच्या लशीचे पैसे तुम्हीच भरा. मुलांच्या तरण्या शरीरात ही लस जोमाने काम करते आणि तिचा फायदा आजी-आजोबांपर्यंत पोचतो. नातवाला सर्दी-ताप असेल त्या दिवसांत त्याने आजोबांच्या खोलीत जेवायला बसू नये, एवढं वहिनींना सांगा. हे सांगणं जड जातं, मला कल्पना आहे.

प्रतिकारशक्ती वाढवायला दुसरं काही द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. लशीच्या ऐवजी चालेल असं बाटलीत किंवा बरणीत काहीही मिळत नाही. च्यवनप्राश आईंना देणार असाल तर त्यातली साखर मोजा. खरा फायदा चालण्याने होतो. बैठ्या सवयीच्या वयस्कर लोकांना दहा महिने नियमित दम लागेल असा व्यायाम करायला लावला, तर त्यांच्यात लशीचा परिणाम सहा महिन्यांनीही जास्त टिकलेला दिसला. आमराईतल्या फेऱ्या म्हणून चालूच राहू द्या, काकांशी गप्पा मारतही चालतील. ताटात रोज दोन्ही वेळा डाळ, उसळ, दही, अंडं यातलं काहीतरी असावं. एकादशी-चतुर्थीला साबुदाण्यावर दिवस काढायची सवय असेल तर त्या दिवशी दूध आणि शेंगदाणे तरी पोटात जाऊ द्या.

एक गोष्ट बाबांसाठी लक्षात ठेवा. या वयात फ्लू नेहमी तापाने सुरू होत नाही. एकदम जास्त गोंधळणं, जेवण टाकणं, दिवसभर झोपून राहणं, उठताना तोल जाणं, एवढंच दिसतं, आणि विस्मरण असलेला माणूस घसा दुखतोय हेही सांगू शकत नाही. घरात कोणाला फ्लू असताना बाबा असे वागायला लागले तर "त्यांचं हे नेहमीचंच" म्हणून सोडू नका. ऑसेल्टामिविर ही गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते, त्यामुळे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. धाप लागली, ओठ निळसर पडले किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालयात न्या.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते आई रात्री दोन-तीनदा उठते हे वाक्य. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये १९९६ साली एक अभ्यास झाला. विस्मरणाच्या आजाराने ग्रासलेल्या नवऱ्याची किंवा बायकोची सेवा करणारे ३२ जण आणि त्यांच्याच वयाचे, पण अशी जबाबदारी नसलेले ३२ जण, यांना फ्लूची लस दिली. जबाबदारी नसलेल्यांपैकी २१ जणांच्या अँटिबॉडी चौपट वाढल्या. सेवा करणाऱ्यांपैकी फक्त १२ जणांच्या. लस तीच, वयही तेच. फरक होता तो झोपेचा, काळजीचा आणि कधीच न संपणाऱ्या कामाचा. काकांना वाटतं की लशीने आईंची प्रतिकारशक्ती खचतेय. ती कशाने खचतेय हे तुमच्या पत्रातच लिहिलेलं आहे.

म्हणून लशीबरोबर हेही ठरवा. आठवड्यातल्या तीन रात्री तरी बाबांजवळ भावाने झोपावं आणि आईंनी वरच्या मजल्यावर, दार लावून. ते जमत नसेल तर रात्रीसाठी एखादे मदतनीस ठेवा आणि त्याचा खर्च तुम्ही भावंडं वाटून घ्या. आई "मला काही होत नाही" म्हणतील, त्यांच्या पिढीतल्या बायका तसंच म्हणतात. त्यांना विचारत बसू नका, भावाशी बोलून पाळी लावून टाका. लशीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे दोन आठवडे तरी त्यांना सलग सहा-सात तास झोप मिळालीच पाहिजे. मात्र ही घडी बसली नाही म्हणून लस पुढे ढकलू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख आजच डॉक्टरांकडून घेऊन ठेवा.